फायकसची पानं परत परत गळतायत आणि कटिंगही लागत नाहीये? आधी हे तपासा

तक्रार जवळपास ठरलेली असते. नवीन फायकस घरी आणला, पहिला आठवडा एकदम झकास, मग रोज सकाळी कुंडीखाली पाच-दहा पानं पडलेली, मग कोणीतरी सांगतं पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं, मग दुसरं कोणी सांगतं अहो पाणी जास्त झालंय म्हणून एकदम बंद केलं, मग खिडकीतून उचलून गॅलरीत, गॅलरीत ऊन जास्त वाटलं म्हणून परत हॉलच्या कोपऱ्यात, आणि शेवटी कुंडीत नुसत्या काड्या. मग दुसरा फायकस आणला, परत तेच. मधल्या काळात एक कटिंग ग्लासात ठेवलेली असते, ती एकतर खालून काळी पडते नाहीतर मुळ्या सोडून बसते आणि वर्षभर नवीन पान म्हणून देत नाही.

लोक याला तीन वेगळे प्रॉब्लेम समजून तीन वेगळे उपाय करतात. खरं तर पानगळीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, झाडाची पानं ज्या उजेडात तयार झाली तो उजेड तुमच्या घरात नसतो. आणि कटिंगची भानगड सोडवली की पानगळीची भानगडही बरीचशी सुटते, ती कशी ते पुढे येतंच.

नर्सरीत फायकस भरपूर उजेडात वाढवतात कारण तिथे तो भराभर वाढतो. त्या उजेडात बनलेलं पान जरा जाड असतं आणि त्याला जगायलाही तेवढाच उजेड लागतो. तेच झाड घरात आलं की उजेड धाडकन खाली येतो. आपल्याला खोली लख्ख वाटते पण डोळे यात फार फसवतात, खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलात की खिडकीजवळच्या मानाने अगदी थोडा उजेड उरतो, मोबाईलवर लाइट मीटरचं एखादं ॲप टाकून बघा, आकडा बघून चाट पडाल. मग ते पान कमावतं त्यापेक्षा खर्च जास्त करायला लागतं, आणि पगार निम्मा झाल्यावर माणूस जसा आधी खर्चाला कात्री लावतो तसं झाड ती पानं टाकून देतं आणि कमी उजेडात भागेल अशी नवीन पातळ पानं काढायच्या तयारीला लागतं. या सगळ्याला काही आठवडे जातात. आणि नेमकं त्याच आठवड्यांत आपण घाबरून कुंडी हलवतो, म्हणजे येऊ घातलेली पानंही भलत्याच जागेच्या हिशोबाने बनलेली निघतात आणि चक्र पहिल्यापासून चालू.

त्यामुळे पानगळ सुरू झाली की पहिलं काम म्हणजे झाडाची एक जागा ठरवायची आणि मग तिथून हलवायचं नाही. खिडकीपासून मीटरभराच्या आत, दुपारचं कडक ऊन थेट न येणारी, आणि एसीचा किंवा हीटरचा झोत न लागणारी जागा. सकाळचं कोवळं ऊन तासभर आलं तर चांगलंच. मग थांबा. खत नको, मोठी कुंडी नको, छाटणी नको. लोकांना हेच सगळ्यात जड जातं, काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही ना.

आता गळतंय ते नक्की जागेमुळेच का, हे पडलेल्या पानावरूनच कळतं. पान उचलून बघा. हिरवंगार, तुकतुकीत, कुठे डाग नाही आणि तरी देठापासून सुटून पडलंय, आणि अशी बरीच पानं एकदम पडतायत, तर तो जागा बदलल्याचा किंवा गार वाऱ्याचा झटका. (थंडीत रात्री उघड्या राहणाऱ्या खिडकीजवळ कुंडी असेल तर तेही बघा, १५ अंशांच्या खाली फायकस कुरकुरायला लागतात आणि १० च्या खाली बहुतेकांना खरोखर त्रास होतो.) पान पिवळं पडून, मऊ होऊन, खालच्या बाजूने एकेक करत गळतंय आणि मातीत बोट घातलं तर ओली गच्च लागते, म्हणजे पाणी जास्त. कडा तपकिरी, कुरकुरीत, पान आत वळलेलं, कुंडी उचलली तर हलकी फुल, म्हणजे पाणी कमी. आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यात खालचं एखादं म्हातारं पान पिवळं होऊन पडलं तर काही नाही, ते त्याचं वय झालं, त्यावरून पाण्याचं वेळापत्रक बदलू नका.

काड्याच उरल्या असतील तरी लगेच फेकू नका. नखाने साल जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. किंवा शेंड्याचं टोक अगदी थोडं कापा, पांढऱ्या चिकाचा थेंब आला तर जीव आहे, कोरडं तपकिरी निघालं तर थोडं खाली कापून परत बघा, चीक येईपर्यंत खाली या. जिथे चीक येतो त्याच्या खालून फुटवे येऊ शकतात. फक्त एवढं लक्षात ठेवा की पानं नसलेलं झाड फारच थोडं पाणी पितं, त्यामुळे या काळात आधीसारखं पाणी घालत राहिलात तर उरलेली मुळंही सडतील.

पाण्याबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर लिहितो कारण इथे भलेभले चकतात. "मी तर दर रविवारी पाणी घालतो" हे वाक्य ऐकलं की मला कळतं गडबड कुठे आहे. वार बघून पाणी घालायचं नसतं, माती बघून घालायचं. वरचा ३ ते ५ सेंटिमीटरचा थर सुकला की भरपूर पाणी, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं. शेतीत वाफसा म्हणतात ना, ओल आहे पण चिखल नाही, तशी माती फायकसला आवडते. पण बऱ्याच विकतच्या रोपांची मुळं पीटच्या (म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या) गोळ्यात असतात, आणि पीट एकदा पूर्ण सुकलं की ते पाणी घ्यायचं बंदच करतं. तुम्ही वरून लोटाभर पाणी ओतता, ते कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं, तुम्हाला वाटतं छान भिजलं, आणि आतला गोळा मात्र कोरडा ठणठणीत. मग वरून रोज पाणी घालूनही झाड तहानेने पानं टाकतं! असं वाटलं तर कुंडी अर्धा-पाऊण तास पाण्याच्या बादलीत निम्म्यापर्यंत बुडवून ठेवा, आतला गोळा पाणी ओढून घेतो आणि कुंडी उचलताना वजनात फरक लगेच जाणवतो. मग नीट निथळू द्या.

कीड हाही एक संशयित आहे पण आधी खोटी कीड ओळखायला शिका. रबर प्लांटच्या किंवा मायक्रोकार्पाच्या (जिनसेंग बोन्साय म्हणून मिळतो तो फायकस) पानावर बारीक पांढरे ठिपके दिसतात, अगदी टाचणीच्या टोकाएवढे, ओळीने किंवा सारख्या अंतरावर. हे कॅल्शियम कार्बोनेटचे साठे असतात, पानाच्या आतच असतात, पुसले तरी जात नाहीत. यावर नीम ऑइल मारून मारून लोक पानं तेलकट करून ठेवतात. खरी कीड बघायची तर पान उलटं करा आणि मधल्या शिरेजवळ बघा. तिथे नखाने उचकटून निघणारे तपकिरी चपटे खवले असले तर खवले कीड, देठाच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग, पान धुरकट होऊन मागे बारीक जाळी असली तर कोळी. खाली फरशी किंवा पानं चिकट लागत असतील तर खवले कीड किंवा मिलीबग जवळपास नक्कीच. ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने खवले आणि मिलीबग काढा, मग साबणाच्या सौम्य पाण्याची फवारणी आठवड्याच्या अंतराने काही वेळा. एकदा मारून गप्प बसलात तर अंड्यांतून परत निघणारच.

बरं, आता निवडीकडे. फायकसच्या ८०० हून जास्त जाती आहेत, आपले वड, पिंपळ, उंबर त्यातलेच, पण कुंडीत घरात येणारे मोजकेच. कमी कटकटीचा पाहिजे तर डोळे झाकून साधा गडद पानांचा रबर प्लांट घ्या. जाड मेणचट पानं, पाणी चार दिवस इकडेतिकडे झालं तरी चालतं, जागा बदलली तरी फार तर दोन पानं टाकेल. त्याच्या शेंड्याला लालसर टोकदार गुंडाळी येते ती कळी नाही हं, आत नवीन पान असतं आणि ते उघडलं की ते लाल आवरण सुकून पडतं, तेव्हा घाबरू नका.

ऑड्री नावाने जो मखमली पानांचा मिळतो तो म्हणजे वडच, फायकस बेंगालेन्सिस, आणि घरात तो बराच समजूतदार वागतो. लांब निमुळत्या पानांचा अली पण चांगला, बेंजामिनासारखा नाजूक दिसतो पण तेवढी नाटकं नाहीत. मायक्रोकार्पा, ज्याचा जाड मुळांचा जिनसेंग बोन्साय म्हणून विकतात, तो उजेड चांगला असेल तर काटक.

बेंजामिना दिसायला सुंदर, पण पानं गाळण्यात याचा हात कोणी धरणार नाही. ज्यांना खोलीची रचना सारखी बदलायची हौस आहे त्यांनी घेऊ नये. फिडल लीफ, म्हणजे लायराटा, फोटोत जितका भारी दिसतो तितका घरात नखरेल, त्याला खूप उजेड लागतो आणि पाण्याचा हिशोब चुकला की नवीन पानांवर लालसर ठिपके येतात (पान मोठं झालं की ते बऱ्याचदा फिके होतात, तो रोग नसतो). पहिला फायकस म्हणून तरी नको. भिंतीवर चढणारा बारीक पानांचा प्युमिला लोक सोपा समजून घेतात, पण त्याची माती एकदा पूर्ण सुकली की पानं कुरकुरीत होतात ती परत येत नाहीत. आणि पिंपळाचं रोप भिंतीच्या फटीतून काढून घरात लावायचा विचार असेल तर सोडा, त्याला बाहेरचा उजेड पाहिजे.

पांढऱ्या-गुलाबी छटांचे रबर प्लांट, टिनेके आणि रुबी वगैरे, सुंदर असतात पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं म्हणून त्यांना हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो आणि वाढ हळू. अंधाऱ्या खोलीसाठी घेऊ नका.

विकत घेताना मोठ्या झाडाचा मोह टाळा. छोटं रोप नवीन घराला लवकर सरावतं, मोठं झाड जितकी पानं जास्त तितकी जास्त गाळतं. पानं उलटी करून बघा, कुंडीला भोक आहे का बघा, शेंड्याला नवीन पान येतंय का बघा. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा आणि लगेच कुंडी बदलू नका.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. तुमच्याकडे एक फायकस कसाबसा जगला आणि त्याला तुमच्याच खिडकीत नवीन पानं आली, की त्या नवीन वाढीची कटिंग घ्या. ती पानं तुमच्या घरच्या उजेडात बनलेली असतात, त्यामुळे त्यापासून झालेलं रोप त्याच खिडकीत फार कमी कुरकुर करतं. विकत आणलेल्या तीन झाडांपेक्षा घरात केलेलं एक रोप जास्त काळ टिकतं हे मी परत परत बघितलंय.

तर कटिंग का लागत नाही. सगळ्यात कॉमन कारण म्हणजे नुसतं पान लावलेलं असतं. रबर प्लांटचं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळ्या येतात, चांगल्या भरघोस येतात, लोक खूश होऊन मातीत लावतात, पान हिरवं राहतं, आणि बास. कोंब येणारच नाही, कारण कोंब येतो तो पान जिथे खोडाला जोडलेलं असतं त्या बेचक्यातल्या डोळ्यातून, आणि तो डोळा खोडावरच राहिला. म्हणून पानासोबत खोडाचा तुकडा पाहिजेच, पेरासकट. पेर म्हणजे पान फुटतं ती जाडसर रेघ. जवळून बघितलंत तर पानाच्या देठाच्या अगदी वर बारीकसा टोकदार उंचवटा दिसेल, तोच डोळा. तो कटिंगवर शाबूत आहे ना एवढं बघून मगच कापा. डोळा असेल तर एका पानाच्या कटिंगचंही झाड होतं.

कापायचं कसं तर पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्या, अगदी कोवळा हिरवा शेंडाही नको आणि जुनं करडं लाकूडही नको. लांबी १० ते १५ सेंटिमीटर, दोन-तीन पेरं, खालचा काप पेराच्या जरासा खाली. सिकेटर (छाटणीची कात्री) किंवा ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. कापल्याबरोबर चीक वाहायला लागेल, तो कोमट पाण्याने धुवा किंवा ओल्या कागदाने टिपा, थांबेपर्यंत. हातमोजे घाला, हा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, कपड्यावर पडला तर डाग जात नाही, आणि ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी तर हे काम दुसऱ्याकडूनच करून घ्यावं. मांजर-कुत्रा असेल तर कापलेले तुकडे खाली पडू देऊ नका, चावले तर तोंड आणि पोट बिघडतं.

खालची पानं काढा, वर एक-दोन ठेवा. रबर प्लांटचं पान मोठं असतं आणि मुळं नसलेल्या काडीला त्याच्यातून उडणारं पाणी झेपत नाही, म्हणून पान लांबीत गुंडाळून सैल रबर बँड लावायची जुनी पद्धत आहे, किंवा निम्मं पान सरळ कापून टाका. कापलेलं पान विद्रूप दिसतं पण कटिंग वाचते.

पाण्यात लावायची असेल तर दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, आणि पानं पाण्याच्या वर. पाण्यातल्या खोडावर पांढरे फुगीर ठिपके आले की बुरशी समजून लोक कटिंग फेकतात. थांबा! ती सालीवरची श्वास घेण्याची छिद्रं फुगलेली असतात, ते चांगलं लक्षण आहे. खोड बोटाने दाबून बघा, घट्ट असेल तर ठीक, मऊ आणि काळं आणि वास येत असेल तर मात्र चांगल्या भागापर्यंत कापून परत सुरुवात. मुळ्या ३ ते ५ सेंटिमीटरच्या झाल्या की मातीत हलवा, ग्लासात फूटभर जाळं होईपर्यंत थांबू नका, पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेली की जरा बिचकतात आणि जितकी लांब तितकी हलवताना तुटतात. मातीत गेल्यावर पहिले दोन आठवडे माती जरा जास्त ओलसर ठेवा, मग हळूहळू नेहमीवर आणा.

मला स्वतःला थेट मिश्रणात लावणं जास्त पटतं, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं परलाइट (हलके पांढरे खडे), काप रूटिंग हार्मोनमध्ये (मुळ्या फुटायला मदत करणारं औषध) बुडवून, वर पारदर्शक पिशवी, रोज थोडी हवा द्यायची. हार्मोन नसलं तरी लागते, फक्त वेळ जास्त घेते. ऊब मात्र पाहिजे, २१ ते २७ अंशांच्या दरम्यान काम पटपट होतं, साधारण चार ते आठ आठवडे धरा. थंडीत लावलेली कटिंग महिनाभर तशीच बसते आणि मग सडते, म्हणून झाड जोमाने वाढत असेल त्या दिवसांतच लावा. आणि रोज उपटून मुळ्या आल्या का बघू नका बाबांनो! हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखी वाटली तर आल्यात.

झाड उंच वाढून खाली नागडं झालं असेल, किंवा फिडल लीफसारखी जाड खोडाची जात असेल, तर कटिंगपेक्षा गुटी कलम करा, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळ्या आणून मग ती कापायची. मुळं येईपर्यंत फांदी झाडावरच राहते म्हणून धोका सगळ्यात कमी. शेंड्यापासून फूटभर खाली जागा निवडा, तिथली पानं काढा, २ ते ३ सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढून टाका, खालचं ओलसर बुळबुळीत आवरणही नीट खरवडा, ते राहिलं तर साल परत जुळते आणि मुळ्या येतच नाहीत, गुटी फसण्याचं हे एक नंबरचं कारण. भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळकं शेवाळ) मूठभर त्यावर गुंडाळा, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकं बांधा. मॉस सुकत नाही ना एवढं अधूनमधून बघायचं. दोन महिन्यांच्या आसपास प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसायला लागतात, कधी जास्तही लागतात. मॉस मुळ्यांनी चांगलं भरलं की खाली कापून, मॉस न सोडवता, तसंच कुंडीत. खाली उरलेल्या बुंध्याला बऱ्याचदा दोन-तीन फुटवे येतात, तो टाकू नका.

दोन अपेक्षाभंग आधीच सांगून ठेवतो. जिनसेंग फायकसच्या वरच्या फांदीची कटिंग लागते, पण तिला ते जाड गाजरासारखं मूळ कधी येणार नाही, ते बियांपासून वाढवलेल्या रोपालाच येतं आणि वरचा पाला बऱ्याचदा त्यावर वेगळा कलम केलेला असतो. आणि टिनेके-रुबीची कटिंग घेताना ज्या फांदीची पानं पूर्ण हिरवी झालीयेत ती घेऊ नका, हिरवंच झाड मिळेल. पूर्ण पांढऱ्या फांदीचीही नको, तिला स्वतःचं पोट भरता येत नाही. दोन्ही रंग पानात नीट मिसळलेत अशीच फांदी निवडा.

नवीन रोपाला कुंडी छोटीच द्या, मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठी पुरे, मोठ्या कुंडीत न वापरलेली ओल साचून राहते. खत तीन-चार नवीन पानं उघडल्यावर, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं.